१९२० थीमच्या क्लब पार्टीला नऊ जण जायचंय, टेबल घ्यावं की तिकिटं?

प्रश्न विचारलाय तो थोडक्यात असा: नाशिकहून नऊ जण, सहा मुलं आणि तीन मुली, एका मित्राचं लग्न ठरलंय म्हणून शनिवारी रात्री लोअर परळच्या एका मोठ्या क्लबमधल्या १९२० थीमच्या पार्टीला यायचंय. ॲपवर तिकीट माणशी ३ हजार दिसतंय, त्यातले २ हजार आत खाण्यापिण्याला वळते होणार. दुसरीकडे 'क्लबमध्ये आपली ओळख आहे' म्हणणारा एक जण ६० हजार मिनिममचं, म्हणजे निदान तेवढ्याचं खायचं-प्यायचंच असं, टेबल देतोय आणि ॲडव्हान्स आजच पाठवा म्हणतोय. दोघं पीत नाहीत, नवरदेवाचा भाऊ २३ वर्षांचा आहे, सगळे पहिल्यांदाच असल्या ठिकाणी जाणार आहेत. टेबल की तिकीट, कपडे काय घालायचे आणि फसवणूक तर होणार नाही ना.

मी तेरा वर्षं या धंद्यात आहे, सुरुवातीची चार वर्षं दारावर गेस्ट लिस्टचा क्लिपबोर्ड घेऊन उभी होते, मग फ्लोअर सांभाळला, आता थीम पार्ट्या आखून देते. त्यामुळे दारावरच्या दोराच्या दोन्ही बाजू बघितल्यात. आणि तेरा वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय ती ही, की लोकांची रात्र डान्स फ्लोअरवर सहसा बिघडत नाही, ती बिघडते दारात, बिलात आणि दीड वाजता रस्त्यावर गाडी शोधताना. तुम्ही टेबल की तिकीट विचारताय पण खरा प्रश्न तो नाहीच, खरा प्रश्न आहे की नऊच्या नऊ जण एकत्र आत जाणार का, आत गेल्यावर टेकायला जागा आहे का, आणि दीड वाजल्यानंतर कुठे जाणार. ही तीन उत्तरं मिळाली की टेबलाचं आपोआप ठरतं.

म्हणून मी नेहमी उलटं मोजते. मुंबईत असले क्लब दीडला बंद. पंचतारांकित हॉटेलातल्यांचं वेगळं असतं, पण लोअर परळच्या गिरण्यांच्या कंपाउंडमध्ये दीड म्हणजे दीड, त्याआधी अर्धा तास लास्ट ऑर्डर, मग दिवे लागतात आणि इतका वेळ राजबिंडे दिसणारे सगळे एकदम माणसात येतात. शनिवारी खरी गर्दी साडेअकराला होते. गेस्ट लिस्टवाल्यांना दहा-साडेदहाच्या आत यायला सांगतात आणि ते खरं असतं, नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाहीत, साडेदहानंतर दारावरचा माणूस यादी बाजूला ठेवतो आणि चेहरे बघायला लागतो. म्हणजे 'पूर्ण रात्र' म्हणून तुम्ही जे विकत घेताय ते साडेनऊ ते दीड, चार तास, त्यातला रंगलेला भाग दोन तास. ६० हजार द्यायचे का हे या दोन तासांवर ठरवा.

आता दार. सहा मुलं आणि तीन मुली, इथेच गाडी अडकते. स्टॅग एंट्रीचं, म्हणजे सोबत मुलगी नसलेल्या मुलांना आत घ्यायचं, धोरण प्रत्येक क्लबचं वेगळं, कुठे मुलांना जास्त कव्हर (प्रवेशाचे पैसे), कुठे जोडपी आणि मुलींचे ग्रुपच फक्त, कुठे टेबल असेल तर कोणी विचारतही नाही. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, मला स्वतःला ते कधीच पटलं नाही, पण दारात उभं राहून त्यावर वाद घालणारा ग्रुप आत गेलेला मी पाहिलेला नाही. तिकीट काढलं म्हणजे प्रवेश पक्का असंही नसतं, तिकिटाखाली बारीक अक्षरात 'प्रवेशाचा हक्क राखून' असतंच. त्यामुळे तिकिटांवर जाणार असाल तर आधी क्लबच्या नंबरवर मेसेज टाकून विचारा, सहा मुलं तीन मुली चालतील का, आणि हो असं लेखी उत्तर घ्या. फोनवर 'आ जाओ सर, हो जायेगा' याला दारात शून्य किंमत.

मग वय. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१, बाकी व्हिस्की-व्होडका-जिन सगळ्याला २५. नवरदेवाचा भाऊ २३ चा, म्हणजे बिअर चालेल, कॉकटेल नाही. काही क्लब शनिवारी सरसकट २५च्या वरच्यांनाच घेतात, तेही आधी विचारा नाहीतर भाऊच बाहेर आणि सगळ्यांचा मूड गेला. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला बारमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाचा तो पोर्शेचा अपघात झाला, त्यानंतर बारवाले वयाच्या बाबतीत अजिबात रिस्क घेत नाहीत आणि घेऊही नये. नऊही जणांनी ओळखपत्र आणा, डिजिलॉकर उघडून ठेवा पण एक खरं कार्डही खिशात असू दे, तळघरात नेट नसतं.

पैशाकडे येते, कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज. मिनिमम स्पेंड म्हणजे टेबलाचं भाडं नाही, तेवढ्याचं तुम्ही खायचं-प्यायचंय. पण ६० हजार हा आकडा बहुतेक वेळा टॅक्स वगळून असतो. समजा त्यातले ५० हजार दारूचे आणि १० हजार खाण्याचे. दारूवर परमिट रूमला १० टक्के व्हॅट, झाले ५ हजार. खाण्यावर ५ टक्के जीएसटी, ५०० रुपये. वर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर ६ हजार. बेरीज गेली साडेएकाहत्तर हजारांवर, माणशी जवळजवळ आठ हजार, आणि जे दोघं पीत नाहीत ते आठ हजारात लिंबू सोडा पिणार. सर्व्हिस चार्जचं लक्षात ठेवा, तो सक्तीचा नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तसं सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच धरून ठेवलं. काढायला सांगितला तर काढावा लागतो. फक्त काढलात तर ज्या पोराने चार तास गर्दीतून तुमचा बर्फ वाहिला त्याच्या हातात रोख काहीतरी ठेवा, एवढी माझी विनंती.

आता दुसरं गणित, हे मी प्रत्येक ग्रुपला करून दाखवते. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग. तुमच्यात हार्ड ड्रिंक घेऊ शकणारे सहाच, म्हणजे एका बाटलीत माणशी चार पेग, चार तासांसाठी ते पुरे आणि काहींना जास्तच. ६० हजारांच्या टेबलावर साधारण तीन बाटल्या येतील. म्हणजे माणशी बारा पेग. कोण पिणार? उरलेली बाटली घरी नेता येत नाही, मग साडेबाराला 'पैसे वसूल करायचेत' म्हणून लोक शॉट मारायला लागतात आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं. मी फ्लोअरवर असताना ज्यांना उचलून बाहेर आणावं लागलं त्यातले निम्म्याहून जास्त मिनिमम संपवण्याच्या नादात गेलेले होते, स्वतःच्या हौसेने नाही.

मग नुसती तिकिटं घ्यावीत का? नऊ तिकिटं २७ हजार, त्यातले १८ हजार आत वळते. चार तास उभं राहायची तयारी असेल, पर्स-जॅकेट कुठे ठेवायची हा प्रश्न नसेल, तर चालेल. पण तीन मुली हिल्समध्ये, थीमचे जड कपडे आणि मध्येच नवरदेव गायब, अशा वेळी एक कोपरा आपला असणं फार मोठी गोष्ट असते. म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर मधलं आहे. सोफ्याचं टेबल नको, हाय टेबल मागा, म्हणजे ते उंच गोल टेबल, चार-सहा स्टूल, बारच्या बाजूला असतात. त्याचं मिनिमम सोफ्यापेक्षा बरंच कमी असतं आणि लोक ते मागतच नाहीत कारण मागायचं असतं हे माहीत नसतं. ३५-४० हजारांच्या आत, टॅक्स धरून, नऊ एंट्री सकट, असं सरळ बोला. शनिवार आहे, मोठ्या थीमची रात्र आहे, कदाचित नाही म्हणतील. मंगळवार-बुधवारी विचारा, शुक्रवारी संध्याकाळी विचारलंत तर कोणीच भाव कमी करणार नाही. आणि पार्टी गुरुवारी चालत असेल तर तीच जागा, तोच डीजे, बरंच स्वस्त, पण नवरदेवाला सुट्टी मिळायला हवी ना.

तो ओळखवाला. क्लबला गिऱ्हाइकं आणून देणारे प्रमोटर असतात, खरे असतात, त्यांना क्लब कमिशन देतो आणि चांगला प्रमोटर तुमचं काम सोपं करतो. पण पैसे त्याच्या यूपीआयवर जायला नकोत. क्लबची पेमेंट लिंक किंवा क्लबच्या नावाचं खातं, नाहीतर ॲडव्हान्स नाही. मी जिथे काम करत होते अशा एका ठिकाणी साताऱ्याचा एक ग्रुप आला होता, टेबल बुक, ॲडव्हान्स दिलेला, हातात व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट, आणि त्याच टेबलावर दुसरेच लोक बसलेले. एकाच टेबलाचे दोन प्रमोटरनी पैसे घेतले होते आणि आमच्या मॅनेजरला एकाचंच नाव माहीत. त्या लोकांना मी बारजवळ जागा करून दिली पण वाढदिवस होता तो, बाईंचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून मी सांगते, एका मेसेजमध्ये एवढं लिहून घ्या: मिनिमम किती, टॅक्स धरून की वगळून, किती जणांची एंट्री त्यात, टेबल कुठलं (फ्लोअर प्लॅनचा फोटो मागा, देतात), किती वाजेपर्यंत धरून ठेवणार, आणि कार्यक्रम रद्द झाला तर ॲडव्हान्सचं काय. शेवटचं विचारायचं कारण ड्राय डे. आषाढी, अनंत चतुर्दशी लोकांच्या लक्षात असतात, पण मतदान संपायच्या आधीचे ४८ तास विसरतात. तारीख एकदा तपासा.

कपड्यांवर मी जरा जास्त बोलणार, कारण हा माझा आवडता भाग. १९२० म्हटलं की सगळे एकच करतात, ऑनलाइन मागवलेली पिसांची पट्टी डोक्याला, झालरीचा ड्रेस, मुलांना फेल्ट हॅट आणि सस्पेंडर. तीनशे लोकांत दोनशे तसेच. तुम्ही मुंबईचं जॅझ युग करा ना! ताजमध्ये १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा आफ्रिकन-अमेरिकन बँडमास्टर आपला बँड घेऊन आला होता, पुढे त्याच ताजमध्ये गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट गाजला, जो नंतर आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करत होता. रीगल थिएटर १९३३ चं, इरॉस थिएटर १९३८ चं, मरीन ड्राइव्हच्या त्या गोल कोपऱ्यांच्या इमारती त्याच सुमाराच्या. तारखेने वीस नाही, तीस आहे, पण दारावर कोणी इतिहासाची परीक्षा घेत नाही. मुलींनी आजीची जॉर्जेट किंवा शिफॉन साडी काढा, बारीक जरीची किनार असेल तर सोन्याहून पिवळं, त्यावर लांब बाह्यांचं किंवा चक्क बिनबाह्यांचं ब्लाउज, मोत्यांची लांब माळ दोन पदरी, केसांना बोटांनी काढलेल्या लाटा. भुलेश्वरला खोटे मोती आणि ब्रोच मिळतात, साडीचं काही हवं असेल तर दादरचं हिंदमाता. मुलांना पांढरं किंवा क्रीम डिनर जॅकेट, काळी पँट, काळा बो टाय, केस तेल लावल्यासारखे चापून. जॅकेट भाड्याने घ्या, विकत नको.

आणि गंमत बघा. त्या थीममागची सगळी कल्पना अमेरिकेतल्या दारूबंदीची, जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३, लपूनछपून चालणारे बार वगैरे. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून आजही आहे, म्हणून तर बारला परमिट रूम म्हणतात, आणि कागदोपत्री प्रत्येकाकडे दारू प्यायचं परमिट लागतं, एक दिवसाचं पाच रुपयांत. म्हणजे थीम पार्टीत तुम्ही जो काळ खेळायला जाताय त्यातून आपण अजून पूर्ण बाहेरच पडलेलो नाही.

पण कपड्यांबाबत एक कडक गोष्ट, क्लबचा नेहमीचा ड्रेस कोड थीमच्या वर असतो. एका रेट्रो रात्री एक गृहस्थ बंदगळा आणि अस्सल कोल्हापुरी घालून आले, अख्ख्या रांगेत थीमला सगळ्यात जास्त शोभणारा माणूस, आणि बाउन्सरने अडवलं कारण उघडी चप्पल चालत नाही. मी भांडले, उपयोग नाही. शेवटी किचनमधल्या एका पोराचे काळे बूट आणून दिले, एक नंबर लहान, आणि ते बिचारे रात्रभर पाय आखडून नाचले. तर बूट बंद, पँट पूर्ण लांब. खोट्या बंदुका, काठ्या, लांब सिगारेट होल्डर हे सगळं दारात काढून घेतात, त्यावर खर्च करू नका. मुखवटा असेल तर ओळखपत्र दाखवताना काढायला लावतात. मुलींनी पिशवीत एक चपट्या चपलांचा जोड ठेवा आणि साडीला पिना जरा जास्तच लावा, गर्दीत पदरावर कोणीतरी पाय देतोच.

आत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत एक काम करा, दुसरा दरवाजा शोधा. ज्या दाराने आलात ते नाही, दुसरं. मी हे घाबरवायला सांगत नाही. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलमध्ये मध्यरात्रीनंतर आग लागली, चौदा जण गेले, बरेचसे वॉशरूममध्ये गुदमरून, म्हणजे बाहेर पडायची वाट न सापडल्याने. त्या रात्री मी तिथून दोन गल्ल्या सोडून कामावर होते. थीम पार्टीत कागदी झालरी, कापडाची छतं, पडदे जास्त असतात आणि त्याखालीच कोणीतरी बाटलीला फुलबाज्या लावून आणतं. तुमच्या टेबलावर बाटलीबरोबर तो फुलबाजीचा खेळ नको असं सांगता येतं, मी तरी सांगते. मागचा दरवाजा कुलूपबंद किंवा खोक्यांनी भरलेला दिसला तर मॅनेजरला सांगा, ऐकलं नाही तर बिल मागा आणि निघा.

बाकी आतलं फार सांगत नाही, तुम्ही मोठे आहात. ग्लास टेबलावर सोडून नाचायला गेलात तर परत येऊन तो पिऊ नका, नवीन घ्या. दर दोन पेगमागे एक ग्लास पाणी. नऊपैकी पीत नाहीत ते दोघं आपोआप रात्रीचे कारभारी होतात, तर आधीच त्यांना विचारा की हे चालेल का, आणि त्यांच्याकडून बिलाचा समान वाटा घेऊ नका. नाशकातून निघायच्या आधीच ग्रुपवर लिहून टाका कोण किती देणार, रात्री एकला टेबलावर हिशोब करणारे मित्र पुढचे सहा महिने बोलत नाहीत. कार्ड एकाचंच चालवा आणि टॅब (रात्रभर चालणारं एकच बिल) उघडताना वेटरला सांगा की ऑर्डर फक्त या दोघांनी सांगितली तरच घ्यायची, नाहीतर 'शॉट्स सगळ्यांना!' असं नवरदेवाचा भाऊ ओरडेल आणि बिल तुमचं.

आता शेवटचा तास. बिल पाऊण वाजता मागा, सव्वाला नाही, सव्वाला सगळे मागतात आणि मशीन चालत नाही. दीडला अख्ख्या कंपाउंडमधले क्लब एकदम रिकामे होतात, कॅबचे दर चढलेले, लोकल तोवर बंद आणि पहिली पहाटे चारनंतर. नऊ जण म्हणजे दोन गाड्या लागतातच. त्यातून नाशिकला त्याच रात्री परत जाण्याचा विचार असेल तर सोडा, १७० किलोमीटर आणि मध्ये कसारा घाट, ड्रायव्हर प्यायलेला नसला तरी झोपेत असतो. आणि स्वतः चालवायचं मनातही आणू नका, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर सापडलात तर पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन्हीही होऊ शकतं. परळ किंवा दादरला तीन-चार खोल्या आधी घ्या, उशिरा येणार हे हॉटेलला सांगून ठेवा, म्हणजे रात्री दोनला गेट बंद सापडणार नाही. टेम्पो ट्रॅव्हलर केला असेल तर ड्रायव्हरची झोपायची सोय तुमच्या खर्चात धरा. सकाळी दादरला मिसळ खा, नाशिकचे आहात म्हणजे नावं ठेवणारच, पण खा.

तुमच्या शनिवारी मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं: दुपारी तीनपर्यंत मुंबई, खोलीत आराम, साडेसातला पोटभर जेवण (क्लबमधल्या फ्राइजच्या भरवशावर राहू नका), साडेआठला तयार, सव्वानऊला दारात, नऊच्या नऊ जण एकदम, दोघं मागे पार्किंगमध्ये आणि तिघं रस्त्यात असं नको. अर्धवट ग्रुप आत सोडत नाहीत आणि उरलेल्यांसाठी बाहेर फोनाफोनी सुरू होते. मुली पुढे, ज्याच्या नावावर बुकिंग तो त्यांच्या बाजूला, मेसेज फोनवर उघडलेला. हे तुम्हाला विचित्र वाटेल पण मी चार वर्षं दोराच्या पलीकडे उभी होते.

आणि केक आणणार असाल तर आधी विचारा, बाहेरचा केक आत घ्यायचे वेगळे पैसे लावणारे आहेत. लग्न ठरलेल्या माणसाला केक कशाला हा प्रश्न वेगळा, पण नऊ जणांत एक तरी आणतोच.